तीन खोल्या पाडायच्या आहेत

४ फेब्रुवारी

उद्या मी जायचं. ताईने ठरवून टाकलं! मी चहाचा घोट तोंडात धरून बसलो होतो, गिळायचंच विसरलो.

"दाजी रात्रपाळी करून झोपतात. माझ्या कडेवर दोन आणि पायात चार पोरं. रिकामा कोण? तू." झालं. विषय संपला. बांधकाम परवानगीचं कार्यालय, तिसरा मजला.

मी चालत्या ट्रकच्या टपावर झोपलोय. बोटीवर वादळात कांदे सोललेत. एका गावात चोर समजून खांबाला बांधलं होतं तेव्हाही गाणी म्हणत होतो. पण खिडकीमागच्या माणसाने "नाव?" म्हटलं की माझी बोबडी वळते. नाव आठवतच नाही. खरंच नाही आठवत. एकदा मी दुसऱ्याचंच सांगून आलो होतो — आणि त्याचं काम झालं!

लिहून काढतो, म्हणजे उद्या निदान काय सांगायचं ते आठवेल. ताईचं पाळणाघर इथून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत चालतं. मालकाला खोली हवीय, महिनाअखेर रिकामी करा म्हणालाय. दाजींच्या घराला पुढच्या बाजूला वर एक लांबलचक हॉल आहे. दाजींचे वडील खुर्च्या-टेबलं भाड्याने द्यायचे, ती ठेवायला त्यांनी हौसेने स्वतःच्या हाताने चढवलेला. त्याच्या तीन खोल्या करायच्या. एक पोरांनी झोपायची, एक खेळायची, एक रडायची — हे वाटप दाजींचं. परवानगी मिळाली तर पाळणाघर वर जाणार. नाही मिळाली तर आया पोरं उचलून दुसरीकडे नेणार, आणि ताई घरात बसणार. ताई घरात बसलेली मी कधी बघितली नाही. बघायचीही नाही.

आणि हे सगळं माझ्यावर! चार दिवस राहायला आलो होतो मी.

५ फेब्रुवारी

गेलो. जिवंत परत आलो.

इमारतीला लिफ्ट आहे, पण ती तिसऱ्यावर थांबत नाही. दुसऱ्यावर थांबते, चौथ्यावर थांबते. का, म्हणून लिफ्टवाल्याला विचारलं. "तिला तिसरा आवडत नाही," म्हणाला. मग आम्ही दोघांनी खालीवर करून बघितलं. खरंच नाही थांबत! तो पूर्वी सर्कशीत होता. सायकलच्या सीटवर उभा राहायचा. तोल कुठे धरायचा, पायात की पोटात, हे विचारत होतो — तेवढ्यात आठवलं, आपण कशाला आलोय. वर गेलो तर रांग जिन्यात आली होती.

बाकावर एक काकू मटार सोलत बसलेल्या. रांगेत मटार! "घरी जाऊन केव्हा सोलणार? गॅलरीला छप्पर घालायचंय, वर्षभर येतेय मी," म्हणाल्या. मीही ओंजळभर सोलले. हात चालला की भीती कमी होते.

नकाशा नकाशावाल्याने काढून दिला होताच. पण सोबत अर्ज हवा, आणि त्यात एक रकाना — "कामाचे स्वरूप अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत लिहावे." ताईने कोऱ्या अर्जावर आधीच सही करून दिलेली. "लिही बाबा तुझ्या मनाने, माझ्या कडेवर भोंगा आहे." भोंगा म्हणजे पाळणाघरातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं पोरगं. म्हणून मीच लिहिलं, एकदम चोख —

वरच्या मजल्यावर तीन खोल्या पाडायच्या आहेत, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती. लोभ असावा.

लोभ असावा हे मग खोडलं.

खिडकीवरच्या माणसाला दोन चष्मे. एक नाकावर, एक कपाळावर. वाचताना तो कुठल्यातून बघतो तेच कळेना, म्हणून मी मधे बघत होतो.

"पाडायच्यात?"

"हो साहेब."

"तिन्ही?"

"तिन्ही. दोनात भागत नाही."

"मग इथे कशाला उभा राहिलास? ती कोपऱ्यातली खिडकी."

कोपऱ्यातल्या खिडकीला चिटपाखरू नाही! तिथल्या माणसाने नकाशा बघितला, अर्ज बघितला, शिक्का मारला. "पाहणीला येतील." बस्स. काकू तोंडात मटार धरून बघत राहिल्या.

ताई तर नाचायचीच बाकी होती. "माझा भाऊ कामाचा आहे गं बाई!" — असं ती भोंग्याला सांगत होती.

मला मात्र आता जास्त भीती वाटतेय. माझी कामं अशी सरळ होत नसतात.

९ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. दाराशी पाय वाजला की मी उठून उभा राहतो. आज कडी वाजली, पळत गेलो. शेजारणीला विरजण हवं होतं.

१२ फेब्रुवारी

पाहणी झाली! एक बाई आल्या. डोक्यावर टोपी, हातात छोटी हातोडी, नाक सर्दीने लाल. बोलणं कमी, शिंकणं जास्त. सोबत एक माणूस रंगाचा डबा घेऊन.

बाई शिडी लावून छपरावर गेल्या. मग हॉलमध्ये. मग खाली उतरून पुढच्या खोलीत. भिंतीला कान लावून हातोडीने ठोकत होत्या — डॉक्टर पाठ ठोकतात तशा. मला वाटलं आता म्हणतील, मोठा श्वास घ्या.

"वरचा केव्हा चढवला?"

"दाजींच्या वडिलांनी. बरीच वर्षं झाली."

"हं." शिंक. "ही पुढची खोली?"

"अडगळ. रिकामीच समजा."

"बरं."

ताईने चहा दिला. वर म्हणाली, "बाई, जरा लवकर होऊ द्या हो. आमची फार घाई आहे."

बाईंनी कप खाली ठेवला. "घाई करायलाच हवी. तुम्ही चांगला विचार केलात."

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सरकारी माणसाने तिला आजपर्यंत चांगलं म्हटलं नव्हतं. बाई गेल्या आणि त्या रंगवाल्याने जाता जाता हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर लाल फुली मारली. खाली आकडा.

"हे काय?" मी विचारलं.

"नंबर लागला तुमचा," म्हणाला. हसला.

ते हसणं मला आवडलं नाही. ताई म्हणते, तुला कोणाचंच हसणं आवडत नाही, तू आधी अंघोळ कर.

१५ फेब्रुवारी

पळत घरी आलोय. अक्षर बघून घ्या. कोण बघणार म्हणा.

दुपारी गावाबाहेर पतंगासारखी काहीतरी वस्तू उडताना दिसली. तिच्यामागे गेलो. प्लास्टिकची पिशवी निघाली. पण त्या वाटेवर, कालव्यापलीकडच्या वस्तीत, एका घराच्या भिंतीवर तशीच फुली होती. तसाच लाल आकडा. फक्त ती भिंत उभी नव्हती. आडवी होती! फुली आभाळाकडे तोंड करून. आजूबाजूला विटांचा ढीग आणि एक पिवळं यंत्र त्यात तोंड खुपसून चरता चरता थांबलेलं.

यंत्रवाला डबा उघडून जेवायला बसला होता. मी विचारलं, "दादा, ही लाल खूण कशाची?"

"पाडकामाची."

"बांधकामाची नसते?"

"बांधायला खूण कशाला लागतेय? पाडताना चुकून शेजाऱ्याचं पाडू नये म्हणून असते." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "का रे? घाम कसला आलाय?"

तिथेच विटांवर बसलो. आणि ते वाक्य आपोआप डोळ्यांपुढे आलं. तीन खोल्या पाडायच्या आहेत.

अरे देवा! आपण भिंतीत खिडकी पाडतो. केसांचा भांग पाडतो. एका खोलीच्या दोन पाडतो. सगळं जग असंच बोलतं! कोणाला शंका येत नाही. आणि पाडणे म्हणजे — पाडणेच. त्या दोनचष्म्याने विचारलं, तिन्ही? मी छाती काढून सांगितलं, तिन्ही! दोनात भागत नाही!

मी दाजींच्या वडिलांचा हॉल पाडायची परवानगी मागून आलोय. आणि ती मिळतेय. रांग नसलेल्या खिडकीतून!

१६ फेब्रुवारी

सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण ताईने त्यात पोळी कोंबली. "बारीक झालायस."

दुपारी शिडीवर चढून चाकूने फुली खरवडली. दाजी झोपेतून उठून बनियनवर बाहेर आले.

"काय मेव्हणे, भिंत सोलताय?"

"रंग बरा दिसत नाही दाजी."

"राहू द्या की. नंबर लागलाय." आणि जांभई. या माणसावर वीज पडली तरी आधी जांभई देतील, मग जळतील.

फुली गेली नाही. उलट चाकूच्या रेघांनी जास्त उठून दिसते आता.

१८ फेब्रुवारी

घरमालकाने शब्द फिरवला. महिनाअखेर म्हणाला होता, आज सकाळीच खोलीला स्वतःचं कुलूप! ताई पोरांना घेऊन रस्त्यावर उभी. खूप भांडली. "लहान पोरं आहेत, काही वाटतं का जनाची मनाची?" मालक म्हणे, "माझा जावई येतोय राहायला, त्याला काय सांगू, मनाची?"

मग काय करणार! पुढच्या खोलीतली अडगळ मी आणि दाजींनी मागच्या बोळात काढली, झाडलं, चटया टाकल्या. पाळणाघर सध्या तिथे. "परवानगी आली की वर," ताई म्हणाली. पोरांना नवी जागा म्हणून आनंद. भोंग्याने पहिल्यांदा रडायच्या आधी विचार केला.

मी वर बघितलं. डोक्यावर तोच हॉल. ते यंत्र आलं आणि आत पोरं असली तर? छे. आधी बाहेर काढतीलच. विचारतील तरी. विचारतात ना?

१९ फेब्रुवारी

पोस्टमन आला. नशिबाने दारात मीच.

आदेश. "अर्जदाराच्या विनंतीनुसार" — विनंतीनुसार! — वरचा संपूर्ण मजला पाडण्यास मंजुरी. अर्जदाराने स्वतः न पाडल्यास २८ तारखेस कार्यालय पाडून देईल. खाली त्या बाईंची सही.

ताईने आतून विचारलं, "कोण होतं रे?"

"चुकीचा पत्ता."

पाकीट शर्टात सरकवलं. दिवसभर ते पोटाला टोचत होतं. ताई जेवताना म्हणाली, "रडायच्या खोलीला पिवळा रंग देऊ या का रे? पिवळ्यात कमी रडतात म्हणे." मी हो म्हटलं. पिवळा म्हटलं की मला यंत्रच दिसतं.

२० फेब्रुवारी

पळालो होतो. इथे तरी खरं लिहितो.

सकाळी पिशवीत दोन शर्ट टाकले आणि स्टँडवर. कुठली गाडी बघितलंच नाही. नेहमी असंच करतो मी, गाडीला ठरवू देतो. खिडकीची जागा धरली. शेजारी एक आजोबा मांडीवर पिंजरा घेऊन, त्यात ससा. ससा गाडीला घाबरत नव्हता, पण वर्तमानपत्र उलटलं की दचकायचा. त्याला गोंजारत होतो तेवढ्यात —

"अरे! तू इथे कुठे?"

भोंग्याची आई! कंडक्टर. तिकिटाची पेटी काखेत. ती या गाडीवर असते हे मला ठाऊकच नव्हतं.

"मी सोडून गेल्यावर भोंगा आज गप्प होता का रे? मला तर सोडताना टाटा करत होता चक्क! तुझी ताई म्हणजे ना... ती आहे म्हणून मी ड्युटीला येऊ शकते बघ. नाहीतर घरात बसून भिंती मोजल्या असत्या. कुठलं देऊ?"

"काय?"

"तिकीट रे. कुठे जायचंय?"

मला गावाचं नावच आठवेना. खिडकीसमोर होतं तसं झालं.

"चुकीच्या गाडीत बसलो," म्हटलं आणि उतरलो. आजोबा ओरडले, "पिशवी!" त्यांनी खिडकीतून पिशवी फेकली. ससा दचकला असणार.

चालत घरी आलो. ताई पोरांना भात भरवत होती. सगळी पोरं रांगेत, तोंडं उघडी, चिमण्यांसारखी. मी समोर बसलो आणि पाकीट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती वाचत होती तेव्हा मी तिच्या हातातल्या चमच्याकडे बघत होतो. चमचा हवेत थांबला. खाली भोंगा तोंड उघडून थांबला.

"हे काय लिहिलंयस तू?" अगदी हळू. ताई हळू बोलते तेव्हा पळावं, पण मी पळून आलोच होतो.

"पाडायच्या म्हणजे... करायच्या. बोलतो ना आपण. तो म्हणाला, तिन्ही? मी म्हटलं, दोनात भागत नाही."

"नववीपर्यंत शाळेत गेलास ते काय भिंतीला टेकून उभा राहायला? अर्ज लिहायला सांगितला होता मी, घर पाडायला नव्हे!" मग चमचा भोंग्याच्या तोंडात गेला, मग पदर स्वतःच्या तोंडाला. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. हसत होती! "दोनात भागत नाही म्हणालास?"

"हो."

"गाढवा." आणि मग खरंच रडली.

दाजींना उठवून सांगितलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. "बाबांनी हाताने बांधलेलं आहे," म्हणाले. "कोणी कागद पाठवला म्हणून पडत नाही." पण जांभई दिली नाही. तेव्हा मी जास्त घाबरलो.

२४ फेब्रुवारी

कार्यालय शनिवार-रविवार बंद, त्याच्या आधी कसलीशी सुट्टी. दोघं आज गेलो. लिफ्टवाल्याने ताईला नमस्कार केला आणि चौथ्यावर सोडलं.

दोनचष्मे ऐकून घेईना.

"अहो, एका खोलीच्या तीन पाडायच्या. म्हणजे करायच्या!" ताई.

"करायच्या तर करायच्या लिहावं. पाडायच्या लिहिलंय."

"बोलायची रीत आहे ती."

"इथे बोलत नाहीत ताई, इथे लिहितात."

"मग नकाशा नाही बघितलात? त्यात तीन खोल्या दाखवल्यात!"

"बघितला ना. नकाशात तीन खोल्या. अर्जात तीन खोल्या पाडायच्या. जुळलं. जुळलं नसतं तर मीच परत पाठवला असता."

"पण त्या अजून झाल्याच नाहीत! न झालेल्या कशा पाडणार?"

"ते पाहणीवाले बघतात."

रांगेतून एकजण म्हणाला, "साहेब, भांग पाडतो तेव्हा काय डोकं पाडतो का हो?" मागून दुसरा — "त्यांना काय विचारतोस! त्यांना भांग पाडायला केस कुठे राहिलेत?" सगळी रांग हसली. मटारवाल्या काकू सगळ्यात मोठ्याने. आज शेंगदाणे होते. दोनचष्म्याने वरचा चष्मा खाली ओढून नाकावर दुसऱ्यापुढे लावला. दोन्हीतून माझ्याकडे बघितलं. मी ताईच्या मागे सरकलो.

शेवटी म्हणाला, अर्ज मागे घ्यायचा तर नवा अर्ज द्या. पण पाहणी झाली, आदेश निघाला, म्हणजे त्या बाईंची सही लागणार. बाई बाहेरगावच्या कामावर. सत्तावीसला येतील.

"आणि अठ्ठावीसला तुमचं यंत्र येणार?" ताईने विचारलं.

"तुमच्याच विनंतीवरून," तो म्हणाला.

२५ फेब्रुवारी

अर्ज लिहायला बसलोय सकाळपासून. आता प्रत्येक शब्द दात दाखवतो.

"तीन खोल्या काढायच्या आहेत" लिहिलं. थांबलो. दुकान काढलं म्हणजे सुरू केलं. दात काढला म्हणजे गेला! खोडलं.

"मजला उठवायचा आहे." इमारत उठते ती वर जाते. बाजार उठतो तो घरी जातो. खोडलं.

"पाळणाघर वाढवायचं आहे." संसार वाढवला म्हणजे मोठा केला. दुकान वाढवलं म्हणजे कुलूप लावलं! आता काय करावं माणसाने? ही भाषा एका हाताने वीट ठेवते, दुसऱ्या हाताने काढून घेते. इतकी वर्षं मी हेच बोलत हिंडलो आणि वाचलो कसा?

दाजी म्हणाले, "बांधायच्या लिहा की मेव्हणे."

ताई आतून, "बांधायचाय तर मला हा बांधायचाय! खुंट्याला!"

बांधायच्या लिहिलं. दाजींनी मोठ्याने वाचून दाखवलं. ताईनेही वाचलं. भोंग्यालाही वाचून दाखवलं, त्याने हरकत घेतली नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या बाई. परवा यंत्र. मधे फक्त एक सही.

दुपारी पोरं झोपली की मी दारात बसून राहतो. रस्त्यावर काही जड गेलं की उठून बघतो. आज पाण्याचा टँकर होता. ताई म्हणाली, "आत येऊन पड जरा, यंत्र काय आधी येऊन तुझी झोप तपासणार आहे का?" पडलो. पोरांच्या श्वासांचा एकच आवाज येत होता. एक पाय माझ्या नाकावर. कोणाचा कळलं नाही.

सही मिळाली की सगळं ठीक होईल. सही मिळाली की मी कुठेही जाणार नाही, असं म्हटलं मनात. कोणाला म्हटलं, माहीत नाही.

२७ फेब्रुवारी

रस्त्यावर बसून लिहितोय. घरासमोर.

बाई भेटल्या. ताईने सगळी गंमत सांगितली, खिडकी, भांग, सगळं. हसून हसून सांगत होती, कागद पुढे धरून. बाई हसल्या नाहीत. पेन उघडलंच नाही.

"म्हणजे तुम्हाला पाडायचं नव्हतंच?"

"नव्हतंच हो!"

"अहो, मला वाटलं शहाणी माणसं आहेत, वेळेवर पाडतायत. त्या हॉलखालची भिंत केव्हाच सुटलीय. नुसती सवयीने उभी आहे. पुढची खोली रिकामी ठेवलीय ना?"

दुपारची वेळ. त्याच खोलीत सगळी पोरं झोपलेली, आणि त्यांच्यात दाजी.

ताई धावत सुटली. जिन्यात चप्पल सुटली ती तिने उचललीही नाही. मी तिच्या मागे, बाई माझ्या मागे.

सगळी बाहेर काढली. मोजली. बाईंनी पुन्हा मोजली. समोरच्या फुटपाथवर चटया टाकल्यात. आया एकेक करून येतायत. ताई पोरांच्या अंगावर हात फिरवत सुटलीय. दाजी रस्त्याच्या मधोमध उभे, वर बघत.

भोंगा उठलाच नाही. माझ्या मांडीवर झोपलाय, म्हणून एका हाताने लिहितोय. भिंत अजून उभी आहे. मी तिच्याकडे पाठ करत नाही.